माका कोणी इचारल्यान? : मंडळीच्या कमिटीवर नव्याने आलेल्यांसाठी

वार्षिक सभेत कोणीतरी तुमचं नाव पुकारलं, दुसऱ्याने अनुमोदन दिलं आणि तुम्ही नाही म्हणेपर्यंत टाळ्या वाजल्या. पास्टरेट कमिटीवर, म्हणजे चर्चच्या मंडळीचा कारभार बघणाऱ्या समितीवर, बहुतेक जण असेच येतात. मीही तशीच आले. शाळेतून निवृत्त झाले त्याच वर्षी ‘बाईंचं अक्षर चांगलं आहे’ एवढ्या एका गुणावर सेक्रेटरी झाले आणि नऊ वर्षं त्या खुर्चीत बसले.

आमची मंडळी दक्षिण कोकणातल्या एका बंदराच्या गावातली. रविवारी साठ-सत्तर माणसं, मे महिन्यात दीडशेपर्यंत. एवढ्याशा मंडळीत एकी ठेवायला असं काय लागतं, असं बाहेरच्याला वाटतं. शहरातल्या मोठ्या मंडळीत रुसलेला माणूस लांबच्या बाकावर जाऊन बसतो आणि खपून जातं. आमच्याकडे लांबचा बाकच नाही.

नऊ वर्षांत जी भांडणं पाहिली त्यांतलं एकच बाप्तिस्म्यावरून झालं. बाकीची वेस्ट्रीची (चर्चलगतच्या खोलीची) किल्ली, वाजवायची पेटी, पंखा, पत्रिकेवरचा नावांचा क्रम आणि कबरस्तानातली जागा यांवरून. कोणतंही भांडण खरवडत गेलं की खाली तेच एक वाक्य सापडायचं: मला कोणी विचारलं नाही. पुढे जे लिहिलं आहे ते सगळं, ही तक्रार कमीत कमी वेळा ऐकावी लागावी म्हणून.

पहिले तीन महिने नुसतं बघा

पहिल्याच बैठकीत सूचना मांडू नका. त्याऐवजी रविवारी शेवटून दुसऱ्या बाकावर बसा आणि कोण कुठे बसतं ते पाहा.

आमच्याकडे पुलपिटच्या, म्हणजे उपदेशाच्या व्यासपीठाच्या, उजव्या हाताला जुनी मिशनची घराणी बसतात. स्कॉटिश मिशनरी १८२३ साली बाणकोट-हर्णैकडे आले, अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनने १८७३ साली रत्नागिरीत ठाणं मांडलं. या घरांतल्या आजे-पणज्यांची नावं जुन्या रजिस्टरांत आहेत. तो बाक त्यांचा, असं कुठे लिहिलेलं नाही, पण ठाऊक सगळ्यांना आहे. डाव्या हाताला बदलीवर आलेले: नगर, जालना, सोलापूरकडचे शिक्षक, बँकवाले आणि मिशन हॉस्पिटलच्या काळात नर्सिंगला येऊन इथेच स्थायिक झालेल्या बायकांची कुटुंबं. गावात तीस वर्षं काढली तरी त्यांचं नाव ‘घाटावरचे’. मागे दाराजवळ बसतात ते अलीकडे, घरगुती प्रार्थनासभांमधून विश्वासात आलेले. यांतले बरेच जण आपल्या घरात एकटेच ख्रिस्ती असतात. आशीर्वाद झाला की ते चहाला थांबत नाहीत, चपला शोधून निघतात. त्याला शिष्टपणा समजू नका. घरी जाऊन त्यांना रविवारच्या जेवणाचं बघायचं असतं आणि ‘खय गेल्लंस?’ याचं उत्तरही द्यायचं असतं.

दुसरं बघायचं ते काम कोणाच्या हातात आहे ते. पदांची यादी फळ्यावर असते, पण घंटा कोण वाजवतं, पेटीची चावी कोणाच्या कनवटीला असते, चहाची साखर कोणाच्या घरून येते, निधनाचा निरोप सगळ्यांत आधी कोणाला कळतो, ही यादी फळ्यावर नसते. ती मनात तयार करा. मी बाकांचा नकाशाच काढला होता, तो कागद भजनांच्या पुस्तकात राहिला आणि पुढच्या रविवारी ज्या भाऊंनी ते पुस्तक उचललं त्यांनी तो उलटासुलटा करून पाहिला. सुदैवाने त्यांना ती पंख्यांची वायरिंग वाटली.

मग घरी जा

वर्षभरात प्रत्येक घरी एकदा तरी जाणं झालं पाहिजे. आमच्याकडे त्याला बरा काळ म्हणजे पाऊस. जून-जुलैत होड्या वर ओढलेल्या असतात, लावणी आटपली की शेतावरची माणसंही पडवीत सापडतात. दोघांनी जा, आणि ते दोघे एकाच बाजूच्या बाकांवरचे नसावेत. जुन्या घराण्यातला एक आणि घाटावरचा एक असे मी मुद्दाम जोडीने पाठवायची. वाटेतल्या चिखलात एकमेकांना हात द्यावा लागतो, तेवढाही उपयोग होतो.

प्रश्न दोनच विचारा. तुम्हाला मंडळीत कोणतं काम करायला आवडेल? आणि तुम्हाला न विचारता झालेली एखादी गोष्ट आहे का? दुसऱ्या प्रश्नाला ‘छे छे, तसं काय नाय’ असंच उत्तर मिळतं. मग चहा होतो, मुलांच्या नोकऱ्यांची चौकशी होते, प्रार्थना होते. तुम्ही उठता, ओटीवर चपला घालायला लागता, आणि तेव्हा खांबाला टेकून घरातली बाई म्हणते, ‘एक सांगूचा होता...’ भेट तिथून सुरू होते. म्हणून पुढच्या घरची वेळ लगेचची देऊन ठेवू नका.

ऐकलेल्या तक्रारीचा तिथल्या तिथे खुलासा करत बसू नका, कमिटीची बाजू मांडू नका. आणि एका घरातलं दुसऱ्या घरी नेऊ नका. ‘वरच्या आवाठातले पण हेच म्हणत होते’ एवढंसं वाक्य पुरतं. संध्याकाळपर्यंत दोन तट तयार.

तवशाची गोष्ट

हे मी शिकले ते स्वतःच्या चुकीतून, म्हणून जरा सविस्तर सांगते.

भात कापून झालं की आमच्याकडे कापणीचा सण होतो. लोक घरचं पीक घेऊन येतात: भाताची पाटी, नारळ, सुरण, कुळथाची पिठी, लोणच्याची बरणी, पाय बांधलेला कोंबडा. उपासनेनंतर अंगणात लिलाव. त्या वर्षी पुकारणारी मीच होते. लोक भुकेलेले, ऊन चढलेलं, कोंबड्यावर बोली चांगली रंगली होती. त्यानंतर माझ्या हातात आलं एक तवसं, म्हणजे मोठी गावठी काकडी. जून झालेलं, पिवळं, एका अंगाला वाकलेलं. मी ते वर धरलं आणि म्हटलं, ‘तवसं नव्हे, होडी आहे होडी! वल्हवायला कोण तयार?’ अंगण हसलं. कोणीतरी गमतीत दहा रुपयांना घेतलं. मी पुढची वस्तू उचलली.

ज्या काकींनी ते आणलं होतं त्या पुढचे चार रविवार आल्या नाहीत. गुडघे दुखत असतील असं आम्ही ठरवून टाकलं. पाचव्या आठवड्यात मी गेले तेव्हा त्या मागीलदारी सुंभ वळत बसल्या होत्या. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग मान वर न करता म्हणाल्या, ‘तो येल तेंनी लायललो, बाई.’ काकांना जाऊन तेव्हा तीन महिने झाले होते. त्या वेलाचं ते शेवटचं तवसं. बियाणाला ठेवलेलं, आणि मग देवाला द्यावं म्हणून आणलेलं. ‘हसलात ता हसलात. पण ह्या खयचा म्हणून माका कोणी इचारल्यान?’

मी तिथेच माफी मागितली. पण हसणं अंगणात झालं होतं, माफी मागीलदारी मागून कशी पुरेल? काकींना विचारून पुढच्या रविवारी उपासनेतल्या जाहिरातींच्या, म्हणजे सूचनांच्या, वेळी मी उभी राहिले आणि झालं ते सगळ्यांसमोर सांगितलं. तेव्हापासून माझा नियम असा: दुखावलं चारचौघांत असेल तर माफी चारचौघांत, घरात असेल तर घरात. घरातल्या गोष्टीची चर्चमध्ये जाहीर माफी मागणाऱ्याच्या हातून दुखापत दुप्पट होते, तेही पाहिलं आहे.

पुढच्या वर्षापासून प्रत्येक वस्तूला चिठ्ठी लागते. हे कुठलं, कोणी लावलं, किंवा देणाऱ्याला वाटेल ते एखादं वाक्य. पुकारणारा आधी ती वाचतो, मग बोली. लिलाव अर्ध्या तासाने लांबला. मुंबईहून आलेले घड्याळ बघतात, बघू देत.

पैसे उघड्यावर मोजा

अर्पण मोजायला तीन माणसं ठेवा, तीन वेगवेगळ्या बाकांवरची. उपासना संपताच, टेबलावर, वेस्ट्रीचं दार उघडं ठेवून. आकडा वहीत, तिघांच्या सह्या, सोमवारी बँकेत भरणा. महिन्याच्या पहिल्या रविवारी जमाखर्च वाचून दाखवायचा आणि फळ्यावर लावायचा. रंगकाम, वायरिंग असं मोठं काम निघालं तर तीन ठिकाणची दरपत्रकं घ्या, आणि त्यांतला एक कोणाचा मेहुणा असेल तर ते आधी सांगा. मेहुण्याला काम मिळायला हरकत नाही. तो मेहुणा आहे हे लोकांना नंतर कळण्याला हरकत आहे.

इथे बायबलमधल्या प्रेषितांच्या कृत्यांचा सहावा अध्याय कमिटीने एकत्र बसून वाचावा. यरुशलेमच्या मंडळीत ग्रीक बोलणाऱ्यांची तक्रार होती की रोजच्या वाटपात आमच्या विधवांकडे दुर्लक्ष होतं. प्रेषितांनी एकीवर उपदेश केला नाही. सात माणसं निवडायला सांगितली आणि वाटप त्यांच्या हाती दिलं. त्या सातांची नावं पाहा: स्तेफन, फिलिप्प, प्रखर, नीकानोर, तीमोन, पार्मिना, निकलाव. सगळी ग्रीक. बहुधा ज्यांची कुरकुर होती त्यांच्याच हातात पातेलं गेलं. आमच्याकडे चहाच्या खर्चावर सतत बोलणारे एक भाऊ होते. त्यांनाच चहाचा हिशेब दिला. कुरकुर थांबली, आणि चहात आलंही यायला लागलं.

पेटी आणि गिटार

प्रत्येक मंडळीत हा वाद आहे, तुमच्याकडेही असणार. एकीकडे पेटी-तबल्यावरची भजनं, दुसरीकडे कीबोर्ड, गिटार आणि भिंतीवर पडद्यातून उमटणारी हिंदी कोरसं. यावर मतदान घेऊ नका. मतदानात कोणीतरी हरतं, आणि हरलेला माणूस पुढच्या रविवारी तोंड मिटून उभा राहतो.

जुन्यांना एक आठवण करून देता येते. नारायण वामन टिळक आपल्याच रत्नागिरी जिल्ह्यात १८६१ साली जन्मले. १८९५ मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. इंग्रजी चालींवर बसवलेली भाषांतरित गीतं म्हणणाऱ्या मंडळ्यांना त्यांनी अभंग-ओवीच्या वळणाची भजनं दिली. आज ज्यांना आपण ‘आपली जुनी’ म्हणून कवटाळतो ती त्या वेळी नवीच होती. तरुणांना सांगायचं ते वेगळं: चाल शिकायची तर यूट्यूबवर नको, पेटीवाल्या आजोबांच्या घरी जा. आमच्या तीन मुलांना मी पाठवलं. आजोबांनी पहिल्या दिवशी तासभर नुसता भाता मारायला लावला. मुलं वैतागली, पण टिकली. आता रविवारी एक जुनं, एक नवं असा क्रम असतो, आणि पडद्यावरची अक्षरं एवढी मोठी असतात की चष्मा विसरलेल्यालाही वाचता येतील. अक्षरांचा हा आग्रह आजोबांचा होता.

भांडण झालंच तर

मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या अठराव्या अध्यायातल्या पायऱ्या सगळ्यांना पाठ असतात: आधी एकट्याने जा, मग एक-दोघांना घेऊन, मग मंडळीला सांग. चालतो मात्र आपण उलट. आधी मंडळीला कळतं, मग एक-दोघं मध्ये पडतात आणि सगळ्यात शेवटी त्या माणसाशी बोलणं होतं.

एकट्याने जायचं तर रविवारी चर्चच्या आवारात नको, तिथे बघणारे डोळे फार. आठवड्यातला साधा दिवस, संध्याकाळ, त्यांच्या घरी. काय झालं आणि त्याचं मला काय वाटलं एवढंच सांगायचं. ‘लोक म्हणतात’ हे शब्द तोंडातून येऊ द्यायचे नाहीत. कोण लोक, यावर दुसरं भांडण सुरू होतं.

मध्यस्थ लागला तर दोघांनाही चालणारा, आणि शक्यतो पाळकसाहेब नकोत. पाळकांनी एकदा बाजू घेतली असं वाटलं की त्यांच्या हातून प्रभुभोजन (भाकर आणि द्राक्षारसाचा विधी) घेणं एका घराला जड जातं. फिलिप्पैकरांस पत्रात प्रेषित पौल युवदीया आणि सुंतुखे या दोघींना नावं घेऊन विनवतो की एकचित्त व्हा, आणि एका तिसऱ्या सोबत्याला सांगतो की त्यांना मदत कर. कोणाची चूक होती हे तो लिहीतच नाही. मध्यस्थाने तेवढं शिकावं.

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फक्त नोटिसा: उपासनेची वेळ, आजारी माणसांसाठी प्रार्थना, निधनाचा निरोप. दोन माणसांमधली गोष्ट ग्रुपवर आली की अ‍ॅडमिनने ती काढून दोघांना फोन करायचा. रात्री दहानंतर लिहिलेल्या कोणत्याही संदेशाला त्याच रात्री उत्तर देऊ नका, मग तो माझा का असेना.

आणि एक गोष्ट ठळक लिहून ठेवा. मुलांवर अत्याचार, घरातली मारहाण, पैशांचा अपहार यांना ‘मंडळीतलं भांडण’ म्हणायचं नाही. ‘एकीसाठी’ अशी प्रकरणं मिटवणारे वडीलधारे मी पाहिले आहेत, आणि गप्प बसायला लावलेली माणसंही पाहिली आहेत. मुलाच्या बाबतीत असं काही कळलं तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे ज्याला कळलं त्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, न कळवणं हा गुन्हा आहे. तिथे मत्तय अठराच्या पायऱ्या चढत बसू नका.

मे महिना

मुंबईचे चाकरमानी येतात तेव्हा मंडळी दुप्पट होते आणि मतं चौपट. इथे वर्षभर झाडू मारणाऱ्याला वाटतं, हे चार दिवस येऊन शिकवतात. मुंबईकराला वाटतं, पैसे आम्ही पाठवतो आणि आम्हाला विचारत नाहीत. दोघांचंही खरं आहे.

दोन उपाय आमच्याकडे चालले. एक, मोठ्या खर्चाचा विषय एप्रिलमध्येच पत्राने किंवा फोनने मुंबईला कळवायचा, म्हणजे सभेत कोणी अवाक होत नाही. दोन, शाकारणी मेमध्ये काढायची. आमचं चर्च जांभ्याचं आणि मंगलोरी कौलांचं. पाऊस लागायच्या आत कौलं उतरवून, झाडून, फुटकी बदलून परत चढवावी लागतात. रांग लावून कौलं हातोहात द्यायची, तर त्या रांगेत बँकेचा मॅनेजर, रिक्षावाला आणि कांदिवलीची कॉलेजातली मुलगी शेजारी शेजारी येतात. दुपारी प्रीतिभोजन. तिथे लक्ष ठेवा ते पंगतीवर. करिंथच्या मंडळीत काही जण आधीच जेवून तृप्त आणि काही उपाशी, म्हणून पौल संतापला होता. जात आपण मागे टाकली असं म्हणतो, पण भात कोणी रांधला आणि वाढायला कोण उभं राहिलं, हे अजून बघितलं जातं. वाढप्यांच्या जोड्या आदल्या दिवशी लावून ठेवा. आणि नव्याला ‘मूळचे कुठले?’ हा प्रश्न विचारू नका, त्यात काय विचारलं जातं ते त्याला बरोबर कळतं.

देणगीदारांच्या नावाच्या संगमरवरी पाट्या लावू नका. माझ्या काळात एकदा लावली, आणि तिच्याशेजारी कोणाची लागावी यावर दीड वर्ष गेलं.

शेजारचं चर्च

आमच्या गावातलं रोमन कॅथलिकांचं चर्च आमच्यापेक्षा जुनं आणि मोठं. सिंधुदुर्ग धर्मप्रांत २००५ साली वेगळा झाला, मुख्य ठिकाण सावंतवाडी. त्यांच्या घरी कोकणी, आमच्या घरी मालवणी, बाजारात सगळे एकच. १८ ते २५ जानेवारी हा ख्रिस्ती ऐक्याच्या प्रार्थनेचा आठवडा असतो. त्यातली एक संध्याकाळ त्यांच्याकडे, एक आपल्याकडे, इथून सुरुवात करा. प्रभुभोजन एकत्र होत नाही. तो विषय काढून फादरना अडचणीत टाकू नका. प्रार्थना, गायन, कबरस्तानची सफाई आणि आजाऱ्यांची भेट एकत्र होऊ शकते. घाई नको. उत्तर भारतातल्या चर्चच्या एकीकरणाची बोलणी १९२९ साली लखनौला सुरू झाली आणि सहा चर्च एक होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया (सीएनआय) झालं ते २९ नोव्हेंबर १९७० रोजी, नागपूरला.

कोणी गेलंच तर

एवढं करूनही एखादं घर जातं. दुसऱ्या मंडळीत किंवा शुक्रवारच्या उपवास-प्रार्थनेवाल्या गटात. बाप्तिस्म्यावरून गेलेलं ते एक घर आमच्याच मंडळीतलं. वाद घालायला जाऊ नका, परत बोलवायलाही लगेच जाऊ नका. रजिस्टरमधलं नाव खोडू नका. त्यांच्या घरी कोणी वारलं तर खड्डा खणायला आपली माणसं गेली पाहिजेत, पाऊस असला तरी. आणि नाताळात करंज्यांचा डबा त्यांच्या घरी जाऊ द्या, कमिटीचा म्हणून नव्हे, तुमच्या घरचा म्हणून. त्या घरी मी दोन वर्षं पाठवला. पहिल्या वर्षी डबा धुऊन, पुसून, रिकामा परत आला. दुसऱ्या वर्षी त्यात सोलं होती, आणि वर एक चिठ्ठी: ‘यंदाची हत. मीठ जरा कमी पडला.’